अनसाबाईंचं वेगळं पातेलं

अनसाबाईंनी आपल्या ताटातल्या दोडक्याच्या फोडी लेकाच्या ताटात सारल्या आणि त्याच्या ताटातली भाजी हळूच वाटीत काढून घेतली. सवितानं ते मोरीच्या दारातून पाहिलं.

"आत्या!"

सासूचा हात तसाच राहिला. उंबऱ्यापाशी बसलेल्या मोत्या कुत्र्यानं वाटीकडं बघून शेपटी हलवली.

"किती दिस चाललंय हे?"

जयसिंगनं घास गिळला. "आगं, आईच्या हातचं जरा बरं लागतं मला, म्हणून..."

"तेलात बुडवलेलं कुणालाबी बरंच लागतं. डॉक्टर काय म्हणले हुते? पुन्हा झटका आला तर आमचे हात वर!"

जयसिंग शिरूर डेपोत एसटीचा ड्रायव्हर. शिमग्यात छातीत कळ आली आणि त्याला पुण्याला हलवावं लागलं. तेव्हापासून सविताचा सगळा जीव त्याच्या ताटात अडकलेला. बारावी झालेली बाई ती. खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं तेल मोजायची. एका झाकणाच्या कॅलरी किती, दिवसाच्या किती, सगळं तोंडपाठ. पुढं तिच्या भावानं पुण्यातल्या मॉलमधून तेलाचा फवारा आणून दिला आणि मोजायची कटकटच मिटली. डब्यावर ठळक छापलं होतं, शून्य कॅलरी. शून्य किती का वेळा घ्या, शून्यच. कढई चकाकेपर्यंत ती डबा दाबून धरायची, फस्सऽऽ, आणि बिनघोर भाजी टाकायची. पुढच्या तपासणीत रिपोर्ट चांगले आले तेव्हा तिनं त्या डब्याला कुंकू लावायचंच काय ते बाकी ठेवलं.

अनसाबाई माळकरी. घरात अंडी शिजतात म्हणून त्यांची चूल परसात, पातेलं वेगळं. एकदा त्यांनी सुनेच्या कढईला आतून बोट लावून पाहिलं होतं.

"ह्यात काय आस्तं गं?"

"कायबी नस्तं. वर लिवलंय. वाचता येत आसंल तर वाचा."

कोनाड्यात विठोबापुढं म्हातारीनं रात्रंदिवस दिवा ठेवला होता. त्याच्या वातीला बोट पुसून ती परसात निघून गेली.

आता सवितानं फळीवरची काचेची बरणी आणून सासूपुढं आदळली. घाण्यावरचं करडईचं तेल. ही बरणी अनसाबाईंची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"मी दोरा बांधलाय हिला. बघा, कुठवर उतरलंय! एकट्या बाईला एवढं तेल लागतं व्हय? दारातलं कुत्रंसुदिक तुमच्या उष्ट्यावर रेड्यागत फुगलंय."

"सविता, आगं..." जयसिंग म्हणाला.

"आत्या, तुम्ही घालत न्हाई ना तेल? मग गळ्यातल्या माळंची शपथ घ्या. म्हणा, माझ्या पातेल्यात तेल नस्तं."

अनसाबाईंचा हात तुळशीच्या मण्यांवर गेला. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. कीर्तनात बुवांनी चरण सोडला की खड्या आवाजात उचलणारी बाई, आपल्याच घरात मुक्यागत बसून राहिली.

"बघितलंत?" सविता नवऱ्याला म्हणाली.

जयसिंगनं मान खाली घातली. बायकोच्या पुढं आणि आईच्या मागं उभं राहायची त्याची छाती आधीच दुखरी होती.

सकाळच्या गाडीनं अनसाबाईंची रवानगी दौंडला झाली. तिथं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये त्यांची लेक नकुशी राहायची. उंबऱ्यात त्या एवढंच म्हणाल्या, "दिव्यात तेल घालत जा. इझू देऊ नको."

दिवा दुसऱ्याच दिवशी विझला. सवितानं पातेलं माळ्यावर टाकलं आणि बरणीचा दोरा तेलाच्या पातळीवर नव्यानं बांधला. बरणीतलं तेल मात्र दोऱ्यापाशी जे थांबलं ते थांबलंच. तिनं शेजारच्या ताईबाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं.

"आता कसं ओसरंना?"

"आईची माया," ताईबाई म्हणाल्या, "पर पोराच्या मुळावर आलेली."

जयसिंग सविताच्या हातचं मुकाट्यानं खाऊ लागला, ताट पुसून. मोत्या तेवढा वाळत गेला.

दिवाळीच्या तोंडावर जयसिंगनं गाडी डेपोत लावली, खाली उतरला आणि पायरीवरच कोसळला. दवाखान्यात काचेपलीकडं त्याला नळ्या लावल्या होत्या. सवितानं घरून फवाऱ्याचा डबा मागवून डॉक्टरांपुढं धरला.

"एक थेंब दिला न्हाई हो! समदं ह्याच्यावरच करते."

डॉक्टरांनी डबा कोऱ्या कागदावर दाबला आणि कागद खिडकीकडं धरला. डागातून उजेड आरपार आला.

"तेलच आहे हे, ताई. डोळ्याचं पातं लवायच्या आत बोट उचललं, तरच ते छापलेलं शून्य. तुम्ही किती वेळ दाबता?"

सवितानं तो डागाचा कागद चुरगळून मुठीत धरला. संध्याकाळी जयसिंग गेला.

पण रात्र सरायच्या आत तिनं मनाची समजूत घातली. डबा तो किती महिन्यांचा? त्याच्या आधी म्हातारीनं चोरून घातलं, खरं विष ते. दौंडहून अनसाबाई आल्या तेव्हा भरल्या घरात, साऱ्या भावकीपुढं ती ओरडली, "तुमच्या पातेल्यानं खाल्लं ह्यांना!"

भावकीनं माना डोलावल्या. अनसाबाई भिंतीला टेकून बसल्या. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

सुतकाचं घर, चूल बंद. ताईबाईंनी पिठलं-भाकरी आणून सगळ्यांना वाढली. अनसाबाईंनी फळीवरची बरणी मागितली. तेल दोऱ्यापाशीच होतं. झाकण काढून त्यांनी पिठल्यावर तेलाची धार धरली. ताटातून ओघळ आला तरी थांबेनात.

"बघा," सविता शेजारणीच्या कानाशी लागली, "आजच्या दिसालाबी सुटंना."

नकुशीनं झेप घेऊन आईचा हात धरला. "आये, तुझा नेम! दादाच्या पयल्या झटक्याच्या दिशी इठोबाला तेल वाहिलंस. दिव्यात घालशील, पर पातेल्यात न्हाई, तोंडात थेंब न्हाई. बोलला तर मोडतो म्हणून कुणाला सांगितलं न्हाईस, मीच आपली वळखून हुते... आन् आता?"

"आता कुणासाठी पाळू गं?" अनसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी घास उचलला.