दात लावलेले जंतू

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनाही जागा होऊ द्या. एका बंद दाराची गोष्ट सांगते. लहानशीच आहे, पण कान देऊन ऐका, कारण दाराआडचा आवाज फार बारीक आहे.

शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह. आतून कडी. आत नळ धो धो वाहतोय आणि बाहेर विज्ञानाच्या बाई दार ठोठावताहेत.

"गोटी, दार उघड गं."

"नाही उघडता येत, बाई."

"कडी अडकलीय का?"

"कडी नीट आहे. पण मी हात धुतलेत."

बाईंना आधी काही उमगलंच नाही. मग उमगलं. हात धुतले, आता कडीला लावायचे, तर कडीवर जंतू. बोट लागलं की पुन्हा धुवायचे. धुतले की पुन्हा समोर तीच कडी. नळ आणि कडी यांच्यामध्ये ते लेकरू कोंडलं होतं.

सकाळच्या तासाला बाईंनी गोटीच्या वर्गाच्या डोळ्यांवर शाळेत आलेले नवे यंत्राचे चष्मे चढवले होते. चष्मा लावला की वर्ग नाहीसा होतो, आपलाच तळहात माळरानाएवढा होतो आणि त्यावर जंतू हिंडताना दिसतात. पण खरे जंतू दिसायला कसले! नुसत्या गोळ्या आणि काड्या. आदल्या दिवशी दुसऱ्या वर्गातली मुलं ते पाहून जांभया देत बसली होती. तेव्हा बाईंनीच ते चष्मे चालवणाऱ्या यंत्रवाल्याला गळ घातली होती, "अहो, यांना जरा दात तरी लावा." त्या हौशी माणसाने दात लावले, आणि आपल्या मनाने कुरतडण्याचा आवाजही घातला. मग काय, सकाळी पोरं किंचाळली, खिदळली, एकमेकांना चावायला धावली. मुख्याध्यापकांनी येऊन बाईंची पाठ थोपटली.

गोटी तेवढी हसली नव्हती. चष्मा काढून तिने आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "हे आत्ता पण आहेत?"

"आहेत तर! दिसत नाहीत, इतकंच," बाई उत्साहात म्हणाल्या होत्या.

शाळेच्या मावशी बादली घेऊन आल्या. "सुताराला बोलावू का, बाई? बिजागऱ्याच काढून टाकेल."

"नको!" आतून किंकाळी आली. "कुणी आत येऊ नका. तुमच्या हातांवर पण आहेत!"

मावशी बाईंच्या कानाशी वाकल्या. "गेल्या साली हिची आई गेली, बाई. साधा ताप म्हणता म्हणता गेली. अंगात जंतू पसरले, असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

बाई या वर्षीच शाळेत आलेल्या. त्यांना कोण सांगणार? त्या तिथेच ओल्या फरशीवर बसल्या आणि दाराखालच्या फटीला तोंड लावलं.

"गोटी, हात दुखतात का गं?"

"चुरचुरतात. रक्त येतंय थोडं. तिथून ते आत जातात ना, बाई?"

"ऐक माझं. ते दात खोटे होते. मीच लावायला सांगितले. जंतूंना दात नसतात."

पाण्याचा आवाज तसाच.

"मग आईला कशाने खाल्लं?"

बाईंनी डोळे मिटून देवाचा धावा केला. त्या वेळी जेवढं खरं हाताशी होतं, तेवढं त्या बोलल्या.

"तू जन्मलीस ना, तेव्हा पाटीसारखी कोरी होतीस. तुझे पहिले जंतू तुला आईने दिले."

"खोटं! आई असं नाही करणार."

"अगं, चांगले जंतू. जन्म देताना दिले, कुशीत घेताना दिले, दूध पाजताना दिले. ते तुझ्या पोटात राहिले. त्यांना पोरंबाळं झाली, नातवंडं झाली. त्यांच्यातल्या काहींचा वंश अजून तुझ्या पोटात नांदतोय. तू खाल्लेलं पचवून देतो."

आत पाण्याखालचे हात थांबले असावेत. धारेचा आवाज बदलला.

"हातांवर पण आहेत? आईचे?"

एक 'हो' म्हटलं असतं, तर नळ तिथल्या तिथे बंद झाला असता. बाईंच्या ओठांवर तो आलाही. पण सकाळचे दात त्यांना आठवले.

"हातांवरचं मला माहीत नाही, बाळा. पोटातलं माहीत आहे."

"पोटात साबण नाही ना पोचत?"

"नाही पोचत."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

नळ बंद झाला. मावशींनी हातातली बादलीसुद्धा खाली टेकवली नाही, आवाज होईल म्हणून. शेवटी कडी खडखडली.

गोटी उंबऱ्यात उभी होती. हात कोपरापर्यंत लाल, बोटांच्या पेरांवर सालपटं निघालेली. बाईंनी दोन्ही हात पुढे केले. ती मागे सरली. मावशींनी पदर पुढे केला, तोही तिने घेतला नाही. ती तशीच निथळत उभी राहिली. मग तिने ते दोन्ही ओले तळहात हळूच आपल्या पोटावर ठेवले, झोपलेल्याला जाग येऊ नये इतक्या बेताने.

"बाई," ती म्हणाली, "त्यांना भूक लागली असेल. मी आज डबाच नाही खाल्ला."

तर मंडळी, आता आपापल्या घरी जाल, जेवायला बसाल. पहिला घास घ्याल तेव्हा या पोरीच्या आईची आठवण असू द्या.