प्रवाही

साहेबांचं भाषण संपलं तेव्हा पहिली टाळी दादानं वाजवली. मग शेजारच्यानं, मग अख्ख्या रंगखान्यानं. पाण्याच्या पंपांना रंग देणारी ती सगळी माणसं, अंगावरच्या निळ्या शिंतोड्यांसकट, उभी राहून टाळ्या वाजवत होती. दादानं गर्दीत मागे वळून धाकट्या भावाला शोधलं आणि हनुवटी उडवून खुणेनंच विचारलं, तुझंच ना हे?

धाकट्यानं मान हलवली. साहेबांची भाषणं तोच लिहायचा.

टाळ्या पडल्या ते वाक्य असं होतं: "आजपासून आपला रंगखाना अधिक प्रवाही होत आहे."

शब्द धाकट्यानंच सुचवला होता. आदल्या दुपारी त्यानं सरळ लिहून नेलं होतं, की रंगखाना बंद होईल आणि तिथल्या लोकांना काम राहणार नाही. साहेबांनी ते शांतपणे वाचलं. यात चूक काहीच नाही, म्हणाले, पण असं कोणी बोलत नाही. 'बंद' गेला, 'कपात' आला. 'कपात' अंगावर येतो म्हणून 'पुनर्रचना' आली. तीही नको झाली. पलीकडच्या कारखान्यात त्या शब्दावर दगड पडले होते. मग धाकट्याच्या तोंडून 'प्रवाही' निघाला, आणि साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. निघताना मात्र त्यानं विचारलं, म्हणजे माणसं राहणार की जाणार? काहींना दुसऱ्या खात्यात घेता येईल, काहींना नाही, अजून काहीच ठरलं नाही, असं साहेब म्हणाले. तो दाराशी पोचल्यावर त्यांनी मागून सांगितलं, की आता ते ठरवायची तशी घाईही नाही, या शब्दात सगळंच बसतंय.

पाळी सुटल्यावर हात धुवायच्या नळांवर गर्दी झाली, पण हात कोणी धुवेना. एकाचं म्हणणं, आता पाळ्या बदलत्या राहणार. दुसऱ्याला वाटत होतं, बढती असणार, उगाच का साहेब स्वतः आले? सगळ्यात जुन्या रंगाऱ्यानं ठामपणे सांगितलं, की रंग पातळ करणार आहेत, दुसरं काही नाही, आणि पातळ रंग पंपावर टिकत नाही हे त्यानं कधीच सांगून ठेवलंय. युनियनचा पुढारी बाजूला उभा राहून डोकं खाजवत होता. घोषणा द्यायला त्याची काही हरकत नव्हती, फक्त ती कशाविरुद्ध द्यायची ते त्याला कळेना. 'प्रवाही' आणि 'मुर्दाबाद' त्यानं एकापाठोपाठ एक पुटपुटून पाहिलं. जमेना.

दोघं भाऊ चालत घरी निघाले. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं दुकानातूनच दादाचं अभिनंदन केलं. टीव्हीवर सांगितलं म्हणे, तुमच्या कारखान्यानं मोठं पाऊल टाकलं. कुठलं पाऊल, असं दादानं विचारलं. ते काही किराणावाल्याच्या लक्षात नव्हतं, पण बातमी देणारी बाई हसत हसत सांगत होती, तेव्हा चांगलंच असणार. दादाला ते पटलं. पुढे सगळा रस्ता तो त्या एका शब्दाविषयी बोलत होता. असे शब्द तुला सुचतात तरी कसे, म्हणाला. धाकटा हूं हूं करत राहिला.

घरात शिरल्या शिरल्या दादानं बायकोला सांगितलं, "आम्ही प्रवाही झालो."

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग दिराकडे.

"भावजी, तुम्हीच लिहिलंय ना ते? मग मला एवढंच सांगा, उद्या यांचा डबा करायचा की नाही?"

धाकट्यानं बोलायला तोंड उघडलं. त्याचं असं आहे, म्हणाला, की बदलत्या काळाची गरज ओळखून आपल्या सर्वांच्या सहकार्यानं... आणि तिथंच थांबला. वाक्य आपलं आपणच पुढे निघालं होतं. वहिनी अजून ऐकत होती. हातातला सदरा तिनं तसाच धरून ठेवला होता.

"मला माहीत नाही, वहिनी," तो म्हणाला.

दादा मोठ्यानं हसला. शब्द याचा आणि यालाच माहीत नाही, असं बायकोला सांगताना त्याला आणखीच हसू आलं. धाकटा हसत नाही हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"मी आधी 'बंद' लिहिलं होतं, दादा."

"काय बंद?"

"रंगखाना."

दादा खुर्चीवर बसला. पायातल्या चपला काढायच्या राहिल्या होत्या, त्याही त्यानं काढल्या नाहीत. त्याला राग आला नव्हता. हिशेब चुकल्यावर माणूस पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात करतो, तसा काहीसा त्याचा चेहरा झाला होता.

"म्हणजे बंद आहे?"

"साहेब म्हणतात, तसं नाही."

"म्हणजे चालू आहे?"

"तसंही नाही म्हणाले."

नखांच्या कडेचा निळा रंग दादा अंगठ्यानं खरवडत राहिला. धाकट्याला काहीतरी बोलायचं होतं. पण जो शब्द आठवे तो साहेबांपुढे वाचून दाखवल्यासारखा वाटे.

"तू कर डबा," शेवटी दादा बायकोला म्हणाला. "फाटक उघडं असलं तर आत बसून खाईन. नसलं तर बाहेर."