डोहातली शेवटची जोडी

बहात्तर साली पाऊस आलाच नाही, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावाने नेहमीप्रमाणे धोंडी काढायचं ठरवलं. म्हणजे मुसळाला जिवंत बेडूक बांधायचा, घरोघर मिरवायचा आणि दारोदार त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. संध्याकाळपर्यंत बेडूक मरतो. पावसाचं मात्र सांगता येत नाही. डोंगरातल्या ओढ्याचे खरबरीत पाठीचे बेडूक गावाने मागच्या कोरड्या सालांत याच कामी लावून संपवले होते. त्याच ओढ्याच्या आटत चाललेल्या डोहात एकच जोडी उरली होती, आणि काठावर पोलीसपाटलाची काकू शालूबाई ठाण मांडून बसली होती. पाटील दोरी घेऊन आला. "काकू, बाजूले सरक. बेंडूक पाह्यजे." "अन् हे मेले तं पुढच्या सालले काय बांधशीन, तुह्या मिशा?" "मंग पाणी ओतावं कोनावर?" "माह्यावर ओता." "तू का बेंडूक हायेस?" "तुहा काका तं जलमभर मले तेच म्हणे." पाटलाने दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली. कमरेला कडुनिंबाचा पाला बांधून, खांद्यावर मुसळ घेऊन काकू गावभर फिरली. बेडकाचं तांब्याभर पाण्यावर भागवलं असतं. पाटलाची काकू म्हटल्यावर लोकांनी कळशा काढल्या. आभाळाने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटचं दार झालं, तसे सगळे घरी गेले. काकू मात्र निथळतं नऊवारी लुगडं पोटाशी गोळा करून, जमेल तेवढं पाणी सांभाळत, पुन्हा डोंगर चढली आणि डोहात उतरून ते पदरापासून पिळायला लागली.