सुटलेली वायर

पंखे फिरले, आतला दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. मुलाने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. तेच. इतके दिवस खपून स्वतःच्या हाताने जुळवलेल्या यंत्राने ऐन वेळी मान टाकली होती.

पलंगावरून बाबा बघत होते. पक्षाघाताने त्यांचं अंग गेलं, वाचा गेली. पापण्याही ताब्यात राहिल्या नव्हत्या, उगीच फडफडत. बुबुळं तेवढी मनासारखी हलत. नजर जाईल ते अक्षर पडद्यावर उमटवणारा एक कॅमेरा मिळतो, तो मुलाने मागवला होता, आणि त्यासाठी तगडा कॉम्प्युटर हवा म्हणून हा सगळा खटाटोप. डॉक्टरांनी हात टेकले होते. तपासण्या ठीक, खाणं व्यवस्थित, तरी वजन उतरत चाललेलं. काय होतंय ते यांनी स्वतः सांगितलं तर काही करता येईल, नाहीतर फार दिवस धरू नका, असं त्यांनी जिन्यात उभं राहून सांगितलं होतं.

तोवर बाबांचे डोळे वाचणारी एकटी आई. त्यांना पाणी हवंय की कूस बदलायचीय, ते तिलाच कळायचं. भरवणं, पुसणं, औषधं, सगळं तिच्याकडे. बाई ठेवू म्हटलं तरी तिने मनावर घेतलं नव्हतं. मुलगा कामाला निघाला की बाबांची बुबुळं दारापर्यंत त्याच्यामागे येत आणि डोळे भरून येत. "जीव आहे त्यांचा तुझ्यावर," आई म्हणायची. "तू जा बिनघोर. मी आहे ना."

यंत्र जुळवतानाही ती चष्मा लावून शेजारी बसायची. ही वायर कशाला, ती पट्टी कशाला, हे काढलं तर काय होतं, सगळं विचारायची. या वयात आईला एवढं कुतूहल, याचं मुलाला फार कौतुक वाटलं. त्याने एकेक भाग हातात धरून समजावला.

सुटे भाग ज्याच्याकडून घेतले होते तो दुरुस्तीवाला येऊन गेला. त्याने झाकण काढलं, आतला लुकलुकणारा लाल दिवा पाहिला आणि मेमरीची पट्टी दोन्ही बाजूंनी खटकन आवाज येईपर्यंत दाबली. पडदा उजळला. नवशिक्यांचं हेच होतं, हलक्या हाताने लावतात, म्हणाला. मुलगा ओशाळला. पण त्याला आठवत होतं, पट्टी लावताना हा खटका त्यानेही ऐकला होता.

कॅमेरा जोडायचं दुसऱ्या दिवसावर ठेवलं. मुलगा कामावरून परतला तेव्हा पडदा पुन्हा काळा होता.

या वेळी प्रोसेसरला वीज देणारी वायर सुटली होती. दुरुस्तीवाला ती बोटांत धरून जरा वेळ बघत राहिला. "हिला खिटी असते," तो म्हणाला. "दाबून ओढल्याशिवाय ही सुटत नाही."

"म्हणजे याने लावलीच नसणार," आई म्हणाली. "लहानपणी उघडलेलं घड्याळ याने कधी पुन्हा नीट जोडलं नाही."

तिघेही हसले. मुलाला स्वतःचीच लाज वाटली. बाबा हसले नाहीत, हसणार कसे? त्यांची बुबुळं त्या वायरीवरून मुलाकडे, मुलाकडून वायरीकडे जात राहिली. दमलेत, आईने सांगितलं आणि खिडकीचा पडदा ओढून खोलीत अंधार केला.

तिसऱ्यांदा आतला मुख्य बोर्डच ओला निघाला. आईचे डोळे भरून आले. यांना धुळीचा त्रास, म्हणून फडकं ओलं करून आतून पुसलं, मला मेलीला काय कळतंय, म्हणाली. मुलाने तिला जवळ घेतलं. दिवसभर एकटीने यांचं सगळं करायचं, त्यात हिला काय काय सांभाळायला लावतोय आपण, असं त्याला वाटलं. बाबांचं मनगट आता त्याच्या दोन बोटांच्या कडीत मावत होतं.

दुरुस्तीवाला यंत्र उचलून दुकानात घेऊन गेला. बोर्ड बदलला. तिथे ते दिवसचे दिवस चालू राहिलं, एकदाही कुरकुरलं नाही. अखेर मुलाने रजा टाकली आणि दोघांनी मिळून ते घरी आणलं. दुरुस्तीवाल्याने झाकणाचे स्क्रू करकचून आवळले आणि यंत्र तडक पलंगापाशी जोडून चालू केलं.

"आत्ताच डोळा लागलाय त्यांचा," आई दारातून म्हणाली. "उद्या बघा."

पण बाबांचे डोळे टक्क उघडे होते.

कॅमेरा त्यांच्या नजरेशी जुळवून घ्यायला थोडा वेळ गेला. पडद्यावर अक्षरांचा तक्ता आला. पहिलं काय बोलतील, असं मुलगा आईला विचारत होता. ती पलंगाच्या कडेवर बसली, तिने बाबांचा हात हातात घेतला. चहात साखर कमी पडते म्हणतील, ती म्हणाली, उभा जन्म तेच ऐकलंय.

पहिलं अक्षर उमटलं. मग दुसरं. बाबांच्या कपाळावर घाम होता, पण नजर तक्त्यावरून ढळत नव्हती. दुरुस्तीवाला हात बांधून भिंतीला टेकला होता. त्याने वाचलं आणि हात खाली सोडले. मुलगा वाचून झाल्यावरही पडद्याकडेच बघत राहिला.

आईचा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. "वाच ना रे मोठ्याने," ती म्हणाली. "काय म्हणताहेत?"

पडद्यावर लिहिलं होतं: मला हिच्यापाशी एकटं ठेवू नका.