दुसरी गोळी

जयमालाची साखर एकदम उतरली आणि ती स्वयंपाकघरातच कोसळली. मधुमेहाची गोळी तिने सकाळी दोनदा घेतली होती. सानपाड्याहून धावत आलेला तिचा मुलगा प्रसाद, ती शुद्धीवर येताच तिच्यावर चिडला. "बाबा रोज हातात गोळी ठेवतात, तरी तुझ्या लक्षात राहत नाही? पुन्हा कशी घेतलीस?"

"चुकलं रे," ती म्हणाली. तिचे पती दिनानाथ खाली मान घालून बसले होते.

प्रसाद डॉक्टरांना सोडायला खाली गेला, तेव्हा दिनानाथांनी हळूच विचारलं, "दुसऱ्यांदाही मीच दिली का गं? मला खरंच आठवत नाही."

"हो."

"मग घेतली म्हणून सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. तुम्ही ओरडलात, म्हणून गिळली."