एकशे एकोणऐंशी वेळा

"पी म्हणजे शक्यता, एवढं मलाही कळतं," अधीक्षक स्क्रीनवर रेघेखाली लिहिलेल्या 'पी'च्या आकड्याकडे बोट करून म्हणाले. "शून्य पूर्णांक शून्य चार. म्हणजे सिस्टर, तुम्ही निर्दोष असण्याची शक्यता चार टक्के. एवढ्यात कोणी पाससुद्धा होत नाही."

कोणी हसलं नाही, म्हणून रुग्णालयाचे वकील थोडं हसले.

सिस्टर टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. त्या अतिदक्षता विभागात ज्या महिन्यात रुजू झाल्या, नेमक्या त्याच महिन्यापासून मृत्यूंची रेघ वर वळते, असं सॉफ्टवेअरने शोधून काढलं होतं. चार वाजता फाइल पोलिसांकडे जाणार होती. आता सव्वातीन झाले होते.

सॉफ्टवेअर चालवणारा संख्याशास्त्रज्ञ बाजूलाच बसला होता. तो कंत्राटावर होता आणि कंत्राट वाढवायचा अर्ज अधीक्षकांकडे पडून होता.

"सर, तसा अर्थ होत नाही त्याचा." आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. "सॉफ्टवेअर महिन्यांचे चढउतार पत्त्यांसारखे पिसतं. चार हजार चारशे नव्याण्णव वेळा पिसले. त्यातल्या एकशे एकोणऐंशी वेळा, कोणी काहीही केलेलं नसताना, एवढं किंवा याहून मोठं वळण आपोआप आलं. बस, एवढंच. कोणी केलं, हे त्यात नसतं."

"पण असं वळण आपोआप क्वचितच येतं, हे खरं ना?" वकिलांनी विचारलं.

"क्वचित… हो, पण—"

"'हो' पुरे." वकिलांनी लिहून घेतलं.

संख्याशास्त्रज्ञाने पुढचं वाक्य जुळवलं, अधीक्षकांकडे पाहिलं आणि गिळून टाकलं.

सिस्टर पहिल्यांदाच बोलल्या.

"दादा, त्या एकशे एकोणऐंशी वेळा ड्युटीवर कोण होतं?"

"कोणीच नाही, सिस्टर. नुसते आकडे असतात ते."

"पण आकड्यांच्या जागी खरे पेशंट असते, तर तिथेही कोणीतरी नुकतीच रुजू झालेली असतीच ना? काही न केलेली?"

संख्याशास्त्रज्ञाने मान हलवली. ती होकारार्थी होती, पण इतकी थोडी, की शपथेवर कोणाला सांगता आलं नसतं.

अधीक्षकांनी प्रश्नाचा शांतपणे विचार केला. माणूस अन्यायी नव्हता.

"असेलही," ते म्हणाले. "पण त्या सगळ्यांचं हजेरीपुस्तक आपल्याकडे नाही, सिस्टर. तुमचं आहे."