चढावरची म्हातारी

"वीक तिला," अण्णा म्हणाले. "मोडीत काढ. नाहीतर हा डाव जन्मात जिंकायचा नाहीस."

लिफ्टवाल्याने माउसवरचा हात उचलला आणि डोळे चोळले. सकाळपासून तीन इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करून आला होता. बोटांना अजून ग्रीसचा वास. दोन पाळ्या ओढून घरी यायचं आणि वर बापाबरोबर आगगाडीचा खेळ खेळायचा, म्हणजे अंगाचं पार चिपाड.

पण म्हाताऱ्याने हट्टच धरला होता. चाळीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस, टीव्हीच्या वाटेलासुद्धा न जाणारा. तीन आठवड्यांमागे एक दिवस पोराच्या पिशवीतला पाना घेऊन मोरीतला गळका नळ स्वतःच दुरुस्त केला आणि संध्याकाळी एकदम म्हणाला, "तो रेल्वे बांधायचा खेळ असतो म्हणे कॉम्प्युटरवर. लाव की." तेव्हापासून रोज हेच. अण्णा शेजारी स्टुलावर बसून हुकूम सोडणार, बटणं हा दाबणार.

"मला त्यातलं काही कळत नाही बाबा. तू दाब, मी सांगतो."

डाव असा होता. खाली बंदर, वर डोंगरात एक गाव, मध्ये एकच रूळ. वीस वर्षांच्या आत ठरलेला माल वरच्या गावी पोचवायचा. आधी खालच्या खालीच लहान फेऱ्या मारायच्या, गल्ला भरायचा, मगच चढाला हात घालायचा, ही अण्णांची युक्ती. ती लागूही पडली. घोडं अडत होतं ते एकाच ठिकाणी. खेळाच्या सुरुवातीला मिळालेलं पहिलं इंजिन. काळं, वाफेचं, धापा टाकणारं. लिफ्टवाला तिला म्हातारी म्हणायचा. खालचा सगळा गल्ला तिनेच भरून दिलेला. पण चढ लागला की तिची गोगलगाय व्हायची.

"राहू दे ना अण्णा. काय खाते बिचारी?"

"रस्ता खाते. मागच्या चौघी बघ कशा ताटकळल्यात."

"मग तिला खालीच ठेवू. पायथ्याशी एक छोटा फाटा टाकू. दोन डबे ओढत बसेल आपली."

"नाही जमत. मुदत हुकते. बघितलंय मी." अण्णांना ठसका लागला. तो ओसरल्यावर म्हणाले, "डोक्यात मांडून बघितलंय."

लिफ्टवाल्याने पुढची गाडी सोडली. त्याच्या हत्यारांच्या पिशवीत, पान्यांच्या खाली, दोन कागद होते. पहिला नोकरीचा. लांबच्या एका डोंगरगावी रोपवेवर मिस्त्री, कायमची नोकरी, राहायला घर. बायको आणि पोरगी वर्षभर तिच्या माहेरी होत्या, कारण या एका खोलीत आणि या रोजंदारीत चौघांचं भागत नव्हतं. त्या परत आल्या असत्या. होय की नाही ते शनिवारपर्यंत कळवायचं होतं. पण अण्णांच्या छातीत चाळीस वर्षांचा धूर. डॉक्टरने स्पष्ट सांगितलेलं, उंचावर नेलंत तर माझ्याकडे परत आणू नका.

दुसरा कागद वृद्धाश्रमाचा अर्ज. कोरा.

यातलं एक अक्षर त्याने बापाला सांगितलं नव्हतं. जीभच उचलत नव्हती. आणि हा भाबडा माणूस रोज त्याच्याच तोंडावर म्हणत होता, मोडीत काढ!

मधे एका मंगळवारी तो घरी आला तर कॉम्प्युटर हाताला कोमट लागला. "ऊन येतं तिथे," अण्णा म्हणाले. असेल. विचारत बसायचं त्राण कुणाला होतं?

शनिवारी त्याने अर्धी पाळी टाकली आणि दुपारीच खेळायला बसला. पुन्हा तेच. म्हातारी चढावर, मागे रांग.

"लेका, इंजिन आहे ते. त्याला काय वाटायचंय? दाब."

त्याने दाबलं. म्हातारी नकाशावरून पुसली गेली. मागच्या गाड्या सुटल्या त्या सुसाट. मुदतीला दोन महिने उरले असताना शेवटचा डबा वर पोचला. खेळाने एक पितळी पदक दिलं.

"बघ. कोसळलं आभाळ?" अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आणि त्या थापेनेच की काय, लिफ्टवाल्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. नोकरी, डॉक्टर, अर्ज. बोलून झाल्यावर त्याला वर बघवेना.

"बस, एवढंच?" अण्णा म्हणाले. "मला वाटलं कुणाचा खूनबिन केलास. अरे, इथे दिवसभर भिंतींशी बोलतो मी. तिथे निदान पत्ते कुटायला चारजण मिळतील."

"नाहीतर असं करू अण्णा. डोंगराच्या खालच्या अंगाला खोली बघतो एखादी. मी रोज वर-खाली करीन..."

"परत फाटा? मग इतके दिवस शिकलास काय, कपाळ? आण तो कागद."

पेन शोधावं लागलं नाही. त्यांच्या खिशातच होतं.

रविवारी सकाळी लिफ्टवाला बापाला पोचवून आला. एक पेटी, एक वॉकर, औषधांचा डबा. अण्णांनी दारातूनच हात हलवला, गाडी सुटताना हलवायचे तसा.

घरी येऊन त्याने सामान बांधायला काढलं. कॉम्प्युटर बंद करायचा राहिला होता. खेळ उघडाच होता, शेजारी जपून ठेवलेल्या डावांची यादी. सगळे त्याचेच, संध्याकाळचे, शेवटचा तेवढा कालच्या दुपारचा. एक सोडून. तो मधल्या मंगळवारचा होता, सकाळी अकराचा. त्या वेळी तो कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असणार.

त्याने तो उघडला.

सोन्याचं पदक. मुदतीला दोन वर्षं बाकी. चढावरून गाड्या एकामागून एक वर जात होत्या, कुठे खोळंबा नाही. आणि खाली पायथ्याशी, बोटभर लांबीच्या एका फाट्यावर, दोन डबे मागे लावून म्हातारी आपल्या चालीने मजेत चालली होती.